सांता क्लारा काउंटीत घर घेताना त्याची जुनी सरकारी कागदपत्रं कशी मिळवायची?

खरेदीखत, गहाण, लीन (मिळकतीवरचा बोजा) यांसाठी काउंटीच्या क्लार्क-रेकॉर्डर ऑफिसची, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयाची, सूची शोधा. बाकी कागदांसाठी ज्या खात्याकडे ते असतील तिथे कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्‌स ॲक्टखाली, म्हणजे राज्याच्या माहिती कायद्याखाली, लेखी विनंती करा. फेडरल फोइया (अमेरिकी केंद्र सरकारच्या खात्यांसाठीचा माहिती कायदा) इथे लागू होत नाही, त्याचा फॉर्म भरत बसू नका. कायद्याप्रमाणे खात्याने १० दिवसांत कागद देता येतील की नाही ते कळवायचं असतं. अडचण असेल तर आणखी १४ दिवस घेता येतात. कागद कशासाठी हवेत याचं कारण तुम्हाला सांगावं लागत नाही. आणि आपल्या माहिती अधिकारासारखी नागरिकत्वाची अटही नाही, त्यामुळे व्हिसावर असलात तरी बिनधास्त मागा. ऑफिसात बसून कागद पाहणं फुकट आहे, पैसे प्रतींचे. रेकॉर्डरच्या नकलांचे दर मात्र वेगळे ठरलेले असतात.

आधी असेसरकडून (करासाठी मिळकतीचं मूल्य ठरवणारं काउंटीचं ऑफिस) त्या मिळकतीचा पार्सल नंबर, म्हणजे एपीएन, काढा. रेकॉर्डरची सूची मुख्यतः नावाने चालते, म्हणून विकणाऱ्याचं नाव हाताशी ठेवा, स्पेलिंग बदलूनही शोधा. विनंतीत ‘सगळी कागदपत्रं द्या’ असं मोघम लिहू नका. ‘एपीएन अमुक, २०१० ते २०२०, सेप्टिक टँकच्या परवानग्या’ इतकं नेमकं लिहिलंत तर काम लवकर होतं.

एक लक्षात ठेवा: घर सॅन होजे किंवा सनीवेलसारख्या शहराच्या हद्दीत असेल तर बांधकाम परवाने काउंटीकडे नसतात, ते त्या शहराच्या बिल्डिंग खात्याकडे मागायचे.