जर्मन बनावटीचा पारंपरिक पॉकेट नाइफ हा स्विस व्हिक्टोरिनॉक्स किंवा फ्रेंच ओपिनेलपेक्षा खरंच भारी असतो का?

फिनिशिंगमध्ये हो, पण पैसा वसूल बघाल तर नाही, रोजच्या कापाकापीला ओपिनेल नंबर ८ बराच स्वस्तात तेवढंच काम करतो आणि कात्री वगैरे हवी असेल तर व्हिक्टोरिनॉक्सच घ्या. मी तिन्ही वापरतो, झोलिंगेनच्या (जर्मनीतलं चाकूंसाठी प्रसिद्ध शहर) चाकूची स्प्रिंग मस्त कडक असते, पातं टक्कन बसतं, शिंगाच्या मुठीवर सांध्यात नखही अडकत नाही, जास्तीचे पैसे असतात ते ह्याचेच. फक्त पात्यावर 'झोलिंगेन' कोरलेलंय का ते बघा, ते नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलंय, नुसत्या जर्मन ब्रँडवर जाऊ नका कारण ब्योकर ह्या जर्मन कंपनीची मॅग्नम सिरीज आशियात बनते.