कुलूप तसंच, कोयंडा उपटलेला

प्रश्न : आमचं जुळे सोलापुरात रो हाउस आहे, २० वर्षं जुनं. लेक पुण्याला असते, तिच्या बाळंतपणासाठी मे महिन्यात आम्ही दोघं दीड महिना तिकडं जाणार. पंधरा दिवसांपूर्वी मागच्या गल्लीत घरफोडी झाली, सकाळी बघायला गेलो तर कुलूप बंदच्या बंद जमिनीवर पडलेलं ओ! तेव्हापासून मला नीट झोप नाही. हे म्हणतात सगळ्यात भारी कुलूप आणू, जावई म्हणतात कॅमेरे बसवा, मला वाटतं लोखंडी सेफ्टी डोअर करावं. १५ हजारांच्या वर आत्ता जमणार नाही. आधी काय करू?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, बंद कुलूप जमिनीवर पडलं होतं हे तुम्ही बरोबर टिपलंत, सगळं उत्तर त्यातच आहे. पेपरात आपण रोज 'कडी-कोयंडा तोडून' असं वाचतो आणि पुढं जातो, पण ते शब्दशः खरं असतं बघा. चोर कुलपाशी खेळत बसत नाही. कोयंड्यात टॉमी म्हणजे लोखंडी पहारीचा तुकडा घालायचा, एक हिसका, आणि अर्ध्या इंचाचे चार स्क्रू लाकडासकट बाहेर. तुमच्या घरच्यांनी कितीही महागडं कुलूप आणलं तरी ते त्याच चार स्क्रूंवर लटकणार आहे, म्हणून पैसे आधी तिथं घाला.

उद्याच अल्ड्रॉप, म्हणजे दाराचा सरकवायचा जाड दांडा, आणि कोयंडा बघा. स्क्रू काढायला लावून तिथं आरपार नट-बोल्ट टाकायचे, बाहेरच्या बाजूला गोल डोक्याचा बोल्ट ज्याला पाना लागणार नाही, आतून रुंद वॉशर आणि नट. आतल्या बाजूला लोखंडी पट्टी टाकली तर ओढ एका जागी येत नाही, फळीभर पसरते. कोयंडा चौकटीवर असेल आणि बोल्ट आरपार जात नसेल तर तीन इंची स्क्रू घ्या. कुलूप घेताना वजन बघू नका, कुलपाची वरची वाकडी कडी बघा, कडी आखूड हवी आणि बंद केल्यावर तिच्यात टॉमी शिरायला जागाच राहता कामा नये. हे सगळं सुताराच्या मजुरीसकट दोन-अडीच हजारांत बसायला हरकत नाही.

पण त्याआधी एक स्क्रूड्रायव्हर घेऊन चौकटीच्या तळाशी, उंबऱ्याजवळ, जोर लावून टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी आहे आणि मग वरचं सगळं वाया. २० वर्षांच्या घरात मला हे लय वेळा सापडलंय, वरून ऑइलपेंट चकाचक आणि आत भुसा. आपल्याकडं दुसरी अडचण काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया पुरेसा खोल नसेल तर चौकट हळूहळू तिरकी होते, मग अल्ड्रॉपचा दांडा भोकात बसत नाही आणि आपण तो अर्धाच सरकवून 'लागला' म्हणतो. अर्धा लागलेला दांडा एका लाथेत निघतो. भोक खाली-वर करून घ्या, पूर्ण इंचभर तरी दांडा आत गेला पाहिजे.

नाइट लॅच, म्हणजे दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप असेल तर दार नुसतं ओढून बाहेर पडू नका. ओढल्यावर फक्त तिरकं बोट अडकतं, ते पातळ पत्र्यानं मागं सरकतं, चावी फिरवली तरच ते जाम होतं. जमलं तर मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीतच बसणारं कुलूप, बसवून घ्या, त्याला बाहेर लटकणारं कुलूप नसतं, त्यामुळं रस्त्यावरून जाणाऱ्याला घर बंद आहे का माणसं आत आहेत ते कळत नाही. दीड महिना बाहेर असणाऱ्या घराला हा फायदा मोठा आहे. दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेर येतात, त्या वेल्डिंगनं बंद करा.

आता मागची बाजू, कारण पुढचं दार सगळे मजबूत करतात आणि चोर जिन्याच्या दारातून येतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की सगळी गल्ली गच्चीवर झोपते, गच्चीचं दार म्हणजे पत्र्याचा एक पल्ला आणि बोटभर टॉवर बोल्ट म्हणजे सरकवायची छोटी कडी, आणि शेजारच्या गच्चीवरून तुमच्या गच्चीवर यायला रो हाउसमध्ये फक्त एक भिंत ओलांडायची असते. तिथं आतून आडवा लोखंडी अडसर लावा, दोन्ही बाजूला भिंतीत पक्के केलेले आकडे आणि त्यात दांडा. जुन्या वाड्यांत हीच पद्धत होती आणि आजही इतक्या पैशात याहून दणकट काही मिळत नाही. बाथरूमच्या खिडकीच्या सुट्या काचेच्या पट्ट्या हातानं एकेक उचलून काढता येतात, तिथं ग्रिल हवीच. खिडकीची ग्रिल बाहेरून स्क्रूनं बसवलेली असेल तर स्क्रूच्या डोक्यावर वेल्डिंगचा टाका मारून घ्या. आणि अंगणात शिडी, पहार ठेवून जाऊ नका, चोराला हत्यार आपणच देतो.

एका गोष्टीवर मी हटून बसतो. दार आतून बिनचावीचं उघडलं पाहिजे, आणि प्रत्येक मजल्यावर एका तरी ग्रिलला उघडणारी खिडकी हवी, तिची चावी जवळच खिळ्याला, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ माणसं गेली, ते आपण सोलापूरकर विसरूच शकत नाही. धुरात चावी शोधत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

सेफ्टी डोअर चांगलंच, पैसे उरले तर करा, पण त्याच्या चौकटीचे होल्डफास्ट, म्हणजे भिंतीत गाडायचे लोखंडी पाय, विटेत खोल गेलेत का ते समोर उभं राहून बघा, नुसत्या प्लास्टरमध्ये बसवलेलं दार दिसायलाच लोखंडी. कॅमेरे सगळ्यात शेवटी, आणि डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, टीव्हीखाली ठेवू नका, जाताना तो पण उचलून नेतात. सोनं मात्र घरात नकोच ताई, लॉकरला ठेवून जा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमानं चोरी किंवा आगीत लॉकरचं नुकसान झालं तर बँकेवर वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत जबाबदारी येते, म्हणजे भाडं २ हजार असेल तर २ लाखांपर्यंत. भाड्याची पावती जपून ठेवा.

प्रश्न : आम्ही अशोक चौकाकडं जुन्या वाड्यात भाड्यानं राहतो. चोरांनी रात्री सगळ्यांच्या दारांना बाहेरून कड्या लावल्या आणि एकाचं घर फोडलं, आम्ही आतून नुसते ओरडत राहिलो. मालक एक खिळा ठोकू देत नाही. काय करावं?
— एक वाचक

उत्तर : दादा, आतून ओरडत राहायचं आणि काहीच करता येत नाही, फार वाईट रात्र असणार ती. याला खिळा लागत नाही. झोपायच्या आधी चौकटीवरच्या रिकाम्या कोयंड्यात एक छोटं कुलूप अडकवून बंद करा आणि चावी घेऊन आत या. कोयंड्यात कुलूप असलं की कडी त्यावर बसतच नाही. अल्ड्रॉप असेल तर दांडा मागं ओढून तो पुढं सरकणार नाही असं कुलूप त्याच्याच भोकात अडकवा, एकदा दिवसा करून बघा म्हणजे रात्री घोळ नको. वाड्यातल्या प्रत्येकानं करायला पाहिजे, एकट्यानं करून भागणार नाही, त्यामुळं सगळ्यांना एकदा बसवून दाखवा. एकमेकांचे नंबर भिंतीवर लिहा, ११२ पण लिहा, आणि ज्या म्हाताऱ्या आजी-आजोबांना कुलूप लावायला जमत नाही त्यांचं शेजारच्या पोरानं रोज लावून द्यावं.