मुकादमाची वही आणि तुझं हजेरीपुस्तक

पोरी, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, कारखान्यात हजेरी-पगार बघणारी मी नेमकी कुणाची? पगार मालक देतो, आणि कामगार तर आपल्याच गावाकडचे." तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. वाळूज एमआयडीसीत टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी आणि पगाराचा हिशेब ठेवण्यात, उभी नोकरी गेली माझी, उत्तर यायला हवं होतं. म्हणून सवडीनं लिहितोय.

तुझ्या आईवडलांचा ऊसतोडीचा कोयता आठव. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये टाकायचं, पट्टा पडला, हंगाम संपला, की परत यायचं. ऊस किती टन तोडला, खाडे किती धरले, उचल किती फिटली, सगळं मुकादमाच्या वहीत. वडील दरवर्षी 'मागची बाकी' ऐकून यायचे, पण त्या बाकीचा कागद त्यांच्या हाती कधी पडला नाही. हिशेब एकाच्याच हातात असला की काय होतं, हे तुला कुठल्या कोर्समध्ये शिकावं लागलेलं नाही. आता वही तुझ्या हातात आहे. तिची दुसरी प्रत कामगाराच्या खिशात गेली पाहिजे, एवढंच तुझं काम समज.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, जुने 29 कामगार कायदे त्यांत आले. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती साधी गोष्ट: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र. ठेकेदारामार्फत कामाला आलेल्या पोरांना ते ठेकेदार देईल, पण दिलं का, हे तू बघ. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकालाच भरावा लागतो, हे तुझ्या साहेबांच्याही कानावर घाल. महिन्याचा पगार पुढच्या 7 तारखेच्या आत. नोकरी सोडली किंवा काढलं, तर हिशेब कामाच्या दोन दिवसांत. आमच्या वेळी फुल अँड फायनलसाठी माणसं महिनोन्महिने गेटवर चकरा मारायची. जादा तासांना दुप्पट दर, आणि ते तास कच्च्या वहीत नाही, रजिस्टरात. बेसिक, म्हणजे मूळ पगार, चिमूटभर आणि बाकी सगळे भत्ते, असं पगारपत्रक करून मालकाच्या वाट्याचा पीएफ वाचवायची जुनी खोड आहे. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरची रक्कम वेतनातच धरतात.

आता मालकाची बाजू. मी नवीन असताना एका कारखान्यात माल चोरताना एक जण सापडला. साहेबांनी त्याला गेटवरूनच घालवला. आरोपपत्र नाही, चौकशी नाही. मीही गप्प बसलो, चोरच आहे म्हणून. कामगार न्यायालयात सात वर्षं गेली आणि मालक हरला, कारण दाखवायला एक कागद नव्हता. तो माणूसही त्या सात वर्षांत मोंढ्यात हमाली करून खचला. मी वेळेवर दोन पानं लिहिली असती तर दोघांचंही एवढं गेलं नसतं. हे मला अजून सलतं.

गैरवर्तनाबद्दल काढायचा हक्क मालकाला आहेच, पण आरोपपत्र दे, त्याचं म्हणणं ऐक. निलंबित केलंस तर चौकशी साधारण 90 दिवसांत संपव. तोवर त्याला निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळतं, आणि उशीर त्याच्यामुळे नसेल तर पुढे 75 टक्के. संपाआधी आता सगळ्याच उद्योगांत 14 दिवसांची नोटीस लागते, हे कामगारांनाही आधीच समजावून सांग.

एक मात्र मला पटलेलं नाही. कामगार कपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी पूर्वी 100 कामगारांपासून लागायची, आता 300 पासून. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या व्हेंडरांची, म्हणजे मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्यांची, माणसं त्यामुळे उघडी पडली. तरी वर्ष भरलेल्या कामगाराला कपातीआधी महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचं वेतन द्यावंच लागतं. साहेब विसरले तर तू आठवण दे.

सोमवारी गेलीस की आधी प्रेस शॉपमधल्या ठेकेदाराच्या पोरांची यादी काढ. मशीनखाली बोटं तिथंच तुटतात. कुणाकडे पत्र आहे, कुणाचा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर निघालाय, एकेकाला विचार. ज्यांचा नाही त्यांची नावं साहेबांना लेखी दे, आणि पोचेची सही घे.

तुझा,
काका