फेस्ताला जुन्या गोव्यात, कमी खर्चात

रत्नागिरीहून दोघं मित्र सॅक पाठीला लावून सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक उत्सवाला, येताय आणि जुन्या गोव्यातच स्वस्त खोली मिळेल का, असं विचारलंय. खोली शोधूच नका. तिथे चर्चेस, हिरवळी आणि दिवेलागणीनंतर सामसूम. पणजीत राहा, बसने दहाएक किलोमीटर. पणजीच्या कदंब बस स्टँडवरून रायबंदरमार्गे जाणारी बस धरा, मांडवीच्या काठाकाठाने जाते. टॅक्सीत मात्र बसू नका. गोव्यात बजेट बुडतं ते तिथेच.

फेस्त ३ डिसेंबरला, पण त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, असतात. पहिल्यांदाच येताय तर नोव्हेनातला मधला एखादा वार धरा. खुद्द फेस्ताच्या दिवशी गर्दी एवढी की मिस्सा (सामूहिक प्रार्थना) बाहेर मंडपात होते आणि समाधीपाशी तुम्ही पुढे सरकता ते मागच्याच्या धक्क्याने. फक्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही चालू असतो, खोल्यांचे भाव चढतात. इफ्फी साधारण २८ला संपतो. त्यानंतरचे तीन-चार दिवस सगळ्यात बरे.

कोकण रेल्वेने याल तर मडगावपर्यंत जायची गरज नाही, करमळीला उतरा. तिथून जुनं गोवं चालत जाण्याइतकं जवळ आहे. गाडी करमळीला थांबते ना, एवढं तिकीट काढताना बघा.

समाधी आहे त्या बॉम जेझस चर्चमध्ये जायला पैसे लागत नाहीत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बर्म्युडा सॅकमध्येच राहू दे. गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट झेवियरचं, शव चांदीच्या पेटीत, बरंच उंचावर आहे, त्यामुळे जवळून दिसेल या आशेने येऊ नका. ते खाली आणतात दर दहा वर्षांनी. मागचं शवप्रदर्शन जानेवारी २०२५ मध्ये संपलं. पण पेटी नीट बघा, १७व्या शतकात गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली आहे. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ड्यूकने पाठवला. लोक वर बघत पुढे जातात आणि हे काम राहूनच जातं.

समोरचं से कॅथेड्रल झालं की पाय दमलेले असले तरी सेंट ऑगस्टीन चर्चच्या पडक्या मनोऱ्याकडे चढा. घुमट १८४२ मध्ये कोसळला, उरलाय जांभ्या दगडाचा एक उंच सुळका. जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी याच अवशेषांत सापडल्या, आणि जॉर्जियातल्या लोकांना ही जागा तीर्थापेक्षा कमी नाही.

जेवण रस्त्याकडेच्या छोट्या हॉटेलात उरकून घ्या, पातळभाजी-पाव किंवा फिश थाळी. फेस्ताच्या जत्रेत खाजें मिळतं, गूळ-आल्याचं. पाव किलो घ्या, गाडीत संपतं. वेळ उरला तर व्हाइसरॉय आर्चखालून धक्क्यावर जा. दिवाडी बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत पायी प्रवाशाला तिकीट नाही. परत येताना मात्र पणजीची शेवटची बस किती वाजता, हे सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवा.