डेटा आला, पण टेबलांचा मालकच नाही

प्रश्न : नमस्कार दादा, मी लालबागच्या एका पतपेढीत अकाउंट्स बघते, कॉम्प्युटरचं कामही माझ्याच गळ्यात आहे. पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री होतो, कधी तक्रार नाही. परवा नवीन मशीनवर रिस्टोअर करून बघितला तर 'रोल संदीप डज नॉट एग्झिस्ट' असं धडाधड येत गेलं आणि शेवटी 'वॉर्निंग: एरर्स इग्नोअर्ड ऑन रिस्टोअर: 41'. संदीप आमचा जुना प्रोग्रामर, कधीच सोडून गेला. सभासदांचा डेटा गेला का हो? झोप लागत नाहीये.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, डेटा बहुतेक आलाय, पण लोकांच्या ठेवींच्या बाबतीत 'बहुतेक' चालत नाही, म्हणून आधी त्या 41 एरर एकेक करून वाचा. सगळ्या रोलच्याच (रोल म्हणजे पोस्टग्रेसमधला युजर) असतील तर घाबरू नका, एखादी जरी वेगळी दिसली तर तिथेच थांबा आणि तीच आधी सोडवा.

होतं काय, पोस्टग्रेसमध्ये युजर डेटाबेसच्या आत नसतो, अख्ख्या सर्व्हरचा असतो, आणि पीजी-डंप ही बॅकअपची कमांड एकाच डेटाबेसचा बॅकअप घेते, त्यामुळे फाइलमध्ये 'हे टेबल संदीपचं' एवढी ओळ येते पण संदीप येत नाही. नवीन मशीनवर ती ओळ फेल जाते आणि टेबल ज्याने रिस्टोअर चालवला त्याच्या नावावर राहतं. पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश-डीटी मारा (टेबलांची यादी येते), ओनरच्या कॉलममध्ये 'पोस्टग्रेस' हा सर्व्हरचा मुख्य युजर दिसेल बघा. तुमचं सॉफ्टवेअर अजून संदीपच्याच नावाने लॉगिन करत असेल (फार ठिकाणी असंच असतं) तर नवीन मशीनवर ते उघडणारच नाही.

जुन्या मशीनवर पतपेढीच्या कामाचा एक नवीन रोल करा, माणसाच्या नावाचा नको. मग 'रीअसाइन ओन्ड बाय संदीप टू' आणि नवीन रोलचं नाव, म्हणजे संदीपच्या मालकीचं सगळं नवीन रोलकडे जाईल. हे प्रत्येक डेटाबेसमध्ये जाऊन वेगळं चालवावं लागतं, आणि सॉफ्टवेअरमधलं लॉगिनही त्याच वेळी बदला, नाहीतर काउंटरवर रांग लागलेली असताना 'परमिशन डिनाइड' येईल. रात्रीच्या बॅकअपला 'पीजी-डंपऑल ग्लोबल्स-ओन्ली'ची फाइल जोडा, रोल त्यातच येतात. तिच्यात पासवर्डचे हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) असतात, कुणाच्या पेनड्राइव्हवर फिरू देऊ नका. रिस्टोअर करताना आधी ही फाइल, मग डेटाबेस.

आणि ठेवी, कर्ज, सभासद या टेबलांचे रो दोन्हीकडे मोजून जुळेपर्यंत जुनी मशीन कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका, साहेबांनी कितीही घाई केली तरी.