विचारा अप्पांना: राखीचे अडीचशे, ग्रॅच्युइटीचा कागद आणि बिनगिरणीची झांकी

या खेपेला पत्रं बरीचशी पैशाची. मी इंदूरच्या एका कापड गिरणीच्या टाइम ऑफिसातला माणूस. एकोणीस वर्षं गिरणीत मस्टर सांभाळलं आणि ती बंद पडल्यावर कापड मार्केटात एका पेढीवर वही लिहिली. तेव्हा उत्तरं जरा हिशेबी येतील, चालवून घ्या.

अप्पा, २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत मला मध्य प्रदेश सरकारच्या लाडली बहना योजनेचे महिन्याला १,२५० यायचे. त्या वर्षी राखीला २५० जास्त आले. सासूबाई म्हणतात, जो देतो त्यालाच मत द्यावं, नाहीतर पाप लागतं. नवरा म्हणतो, ही मतांची खरेदी आहे. गॅसची टाकी मात्र त्याच पैशातून येते. मी काय समजू?
— सुदामानगरची सून

सूनबाई, नवऱ्याला आधी सांगा, खरेदीचा पैसा चालत नसेल तर पुढची टाकी आपल्या पगारातून आण. मग बोलू.

आता सासूबाईंचं. ते पैसे कुठल्या पक्षाच्या खिशातून येत नाहीत, तिजोरीतून येतात. आणि तिजोरीत तुम्हीही भर घालता. साबण, बिस्किटाचा पुडा, मोबाइलचं रिचार्ज, सगळ्यावर कर आहेच. त्यामुळे हे आपलेच पैसे थोडे वळून आपल्याकडे आले, यात पाप कुठून आलं?

नवऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. योजना २०२३ च्या मार्चात आली, जूनपासून हजार-हजार जमा होऊ लागले, ऑक्टोबरात त्याचे १,२५० झाले आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक. वेळेचं रजिस्टर ज्यानं आयुष्यभर लिहिलं त्याला यात योगायोग दिसत नाही. पुढच्या वर्षी महाराष्ट्रानं लाडकी बहीण काढली, तीही निवडणुकीच्या तोंडावरच. देणाऱ्याच्या मनात मत होतंच. पण मतदानाच्या खोक्यामागे सासूबाई येत नाहीत, नवरा येत नाही, देणाराही येत नाही.

मला काळजी दुसरीच आहे. खातं तुमच्या नावाचं, पण एटीएमचं कार्ड कोणाच्या पाकिटात असतं? हे तुम्ही लिहिलं नाहीत. लिहून कळवा.

पीथमपूरच्या कारखान्यात पॅकिंगला ९ वर्षं पूर्ण झाली. बेसिक १३,००० आहे. आता म्हणतात, राजीनामा दे, ग्रॅच्युइटी वगैरे आमच्याकडे नाही, वाटलं तर नंतर बघू. काही मिळेल का?
— महूनाक्यावरचा एक वाचक

भाऊ, "आमच्याकडे नाही" असं म्हणायला ती काय चहासोबतची बिस्किटं आहेत? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ग्रॅच्युइटी द्यावीच लागते. कायदा मुळात १९७२ चा, २०२५ च्या नोव्हेंबरपासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. सलग ५ वर्षं भरली की हक्क लागू.

पेन्सिल घ्या. शेवटचं बेसिक, त्यात महागाई भत्ता असेल तर तोही मिळवायचा. त्याला २६ नं भागा: १३,००० चे ५०० आले. हा एका दिवसाचा रोज. त्याला १५ नं गुणा, ७,५०० झाले. हे एका वर्षाचे. गुणिले ९ वर्षं, म्हणजे ६७,५००. वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात, तेव्हा भरतीची तारीख नीट पाहा. एका तारखेनं साडेसात हजारांचा फरक पडतो.

राजीनामा देणारच असाल तर तोंडी नको. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का आणि सही घ्या. मग ग्रॅच्युइटीचा अर्ज लेखी द्या. तीस दिवसांत पैसे आले नाहीत तर सरळ श्रम कार्यालयात जा, वकील लागेलच असं नाही. पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचा नंबर, हजेरी कार्ड, जे काही असेल ते आजच घरी नेऊन ठेवा. आमच्या गिरणीला कुलूप लागलं तेव्हा कितीतरी जणांचे कागद आत कपाटातच राहिले. मस्टर माझ्या हातचं होतं, माणूस समोर उभा होता, मी त्याला पंधरा वर्षं ओळखत होतो, आणि तरी "पुरावा काय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते अजून खटकतं.

२०२४ च्या लोकसभेला मी "नोटा" (यांपैकी कोणीही नको) दाबलं. वाया गेलं का?
— राजेंद्रनगर

तुमच्यासारखे इंदुरात २,१८,६७४ निघाले. काँग्रेसच्या उमेदवारानं शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला होता. नोटाला एवढी मतं देशात त्याआधी कुठेच पडली नव्हती. तरी निवडून येणारा अकरा लाखांवर मतांनी आला. आणि नोटाला सगळ्यांत जास्त पडली असती, तरी त्याच्या खालोखाल मतं असलेला उमेदवारच जिंकला असता, नियम तसाच आहे. राग मोजला गेला, एवढंच. मी काय दाबलं ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

अप्पा, तुमच्या मराठीत "चक्कर", "पंगा", "सब्जी" फार येतं. पुण्याची बहीण वाचून हसते.
— लोकमान्यनगर

हसू द्या. तिला एकदा जीरावन मसाला घातलेले पोहे खाऊ घाला, वर शेव. "अजून थोडे" कोणत्या भाषेत म्हणते ते कळवा.

मुलगा म्हणतो, गिरण्या बंद होऊन जमाना झाला, मग अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत गिरण्यांच्या झांक्या (गाड्यांवरचे देखावे) कशाला? रात्रभर जागून बघायचं काय?
— परदेशीपुरा

त्याचा प्रश्न चुकीचा नाही. झांक्या गिरण्यांत सुरू झाल्या, शंभरेक वर्षं झाली. आमच्या वेळी महिना आधीपासून शेडमध्ये ठोकाठोक चाले. आमचा फिटर दिवसा यंत्र दुरुस्त करी आणि रात्री हनुमानाचा हात हलता करी. त्याच दांड्या, तेच पट्टे. आता वर्गणी गोळा करावी लागते, मदत मागावी लागते, पण गाडीवर नाव गिरणीचंच लागतं: हुकुमचंद, राजकुमार, मालवा, कल्याण, स्वदेशी. जेल रोडवर अजूनही माणसं पायरीवर सतरंजी टाकून जागा धरतात.

मुलाला रोषणाई दाखवू नका, गाडीच्या मागे चालणारे म्हातारे दाखवा. हुकुमचंद गिरणी नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली. तिच्या ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटींचा धनादेश आला तो २५ डिसेंबर २०२३ ला. दिल्लीहून पंतप्रधान पडद्यावर, इथे मंडप. मी त्या गिरणीतला नाही, पण टाळ्या ऐकू येताना कागद पुढे ओढलाच. माणशी सरासरी साडेचार लाखांच्या थोडं वर. बत्तीस वर्षांच्या महिन्यांत वाटले तर महिन्याला बाराशे रुपये आणि वर काही. तेही कितीएकांच्या विधवांनी घेतले.

सुदामानगरच्या सूनबाईंचा १,२५० चा आकडा वर आहेच. मी दोनदा भागून पाहिलं.