सायकल अपघाताचं कोडिंग: आधी जखम, मग सायकल

पेशंटची फाइल हातात आली की नवीन कोडर (नोंदीतल्या आजार-जखमांना ठरलेले कोड देणारा) थेट व्ही१० ते व्ही१९ या सायकलस्वाराच्या अपघाताच्या कोडमध्ये शिरतो. थांब जरा. ते बाह्य कारणाचे, म्हणजे जखम कशामुळे झाली हे सांगणारे कोड आहेत, मुख्य निदान म्हणून कधीच चालत नाहीत. आधी जखमेचा एस-कोड (‘एस’ने सुरू होणारा जखमेचा कोड) पक्का कर.

मग नोंदीत शोध, धडक कशाशी झाली? कारशी असेल तर व्ही१३, खांबाशी किंवा भिंतीशी व्ही१७, नुसतंच घसरून पडणं व्ही१८. अमेरिकी आयसीडी-१०-सीएम या निदान-कोडच्या यादीमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून इलेक्ट्रिक सायकलला वेगळे कोड आहेत, म्हणून पाठ केलेले जुने कोड डोळे झाकून टाकू नकोस.

कोडच्या सातव्या अक्षरावर (उपचार कोणत्या टप्प्यात आहे ते सांगणाऱ्या) बहुतेक जण अडखळतात. ‘ए’ म्हणजे पहिली भेट नव्हे. सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ‘ए’. चार दिवसांनी दुसऱ्याच सर्जनने कॉलरबोनला प्लेट बसवली तरी ‘ए’च. हाड नीट जुळतंय का हे बघायला पेशंट आला की ‘डी’.

फ्रॅक्चर उघडं (हाडाजवळची त्वचा फाटलेलं) की बंद हे लिहिलेलं नसेल तर बंद धरायचं. हाड सरकलंय का हे नसेल तर सरकलेलं धरायचं. उलटं वाटतं खरं, पण नियम तसाच आहे. उजवं-डावं मात्र अंदाजाने कधीच नाही, डॉक्टरांना विचार. डोक्याला मार असेल तर शुद्ध किती वेळ हरपली होती तेही. फ्रॅक्चरच्याच जागेवरचं खरचटणं वेगळं कोड करत नाहीत.